चौथा भिडू

मी पाव आणायला खाली उतरलो होतो, एवढंच. शनिवारची सकाळ, पायांत घरातल्या सपाता, खिशात पावापुरती नाणी. पाव घेऊन परत फिरलो तर कोपऱ्यावर बातिस्तची जुनी पांढरी गाडी उभी, इंजिन चालू. "बस," म्हणाला. कुठे जायचंय विचारलं तर म्हणाला, बसलास की कळेल. आम्ही दोघांनी साबणाच्या एकाच कारखान्यात, एकाच कढईवर उभं राहून जन्म काढला, पण या माणसाकडून सरळ उत्तर मिळाल्याचं मला आठवत नाही. पाव मांडीवर घेऊन बसलो.

मार्सेय शहर मागे पडलं तेव्हा मला उमगलं की हा पळतोय. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, त्याला इस्पितळात दाखल व्हायचं होतं आणि सोमवारी त्याची छाती उघडणार होते. हृदयाचा एक पडदा, म्हणजे झडप, कामातून गेला होता. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, ऑपरेशन केलंत तर काही वर्षं मिळतील, नाहीतर पुढचा वसंत दिसणं कठीण. त्याची बायको मागेच गेली आणि मुलगी कॅनडात. तिनं मला फोनवर बजावलं होतं, "ओनोरेकाका, तुम्ही स्वतः घेऊन जा बाबांना, हात धरून. ते ऐनवेळी निसटतील." आणि मी त्याच्याच गाडीत, सपातांवर, त्याच्याबरोबर निसटत होतो.

मला वाटलं, जाऊ दे, एक दिवस हिंडू दे. माणूस घाबरला की त्याला थोडी मोकळी दोरी द्यावी, मग आपसूक गोठ्यात येतो. वाटेत सालों गावी त्यानं माझ्यासाठी कापडी बूट घेतले आणि माझ्या पायांकडे बघून दुकानदारीणबाईंना सांगितलं की हे गृहस्थ वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेत. कावायोंला खरबूज फोडून रस्त्याकडेला वाकून खाल्लं, तरी रस शर्टावर आलाच. आप्तला मुक्काम केला. लॉजच्या जिन्यात तो दर वळणावर थांबून भिंतीवरची चित्रं बघत होता. तिथं चित्रं नव्हती, नुसते खिळे होते. रात्रभर पलीकडच्या खाटेवर त्याची धाप ऐकत पडलो.

रविवारी सकाळी मी सांगितलं की आता गाडी वळव. तो म्हणाला, जेवून वळवू. फोर्काल्किये ओलांडल्यावर त्यानं मोठा रस्ता सोडला आणि डोंगराच्या बाजूला एका अरुंद वाटेनं गाडी घातली. वाटेतल्या दोन्ही खानावळी बंद निघाल्या. मी चिडून गप्प बसलो, तो चिडून गाणं गुणगुणत राहिला, आणि असे आम्ही त्या गावात पोचलो. गावाचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही शोधत जाल.

गाव जेवून झोपलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी कुणी बाहेर दिसत नाही. खिडक्यांची लाकडी दारं ओढून घेतात आणि ऊन उतरेपर्यंत गल्लीत कुत्रंही फिरकत नाही. त्यामुळे रिकामा चौक बघून मला काहीच वाटलं नाही. मधोमध कारंजं, भोवती चिनाराची मोठी झाडं, सावलीत बाक, कोपऱ्यात कुलूप लावलेला कॅफे. मी बाकावर बसलो आणि कालच्या पावाचं टोक मोडून चघळू लागलो.

वाटलं ते जरा वेळानं. झाडांवरचे सिकाडे गप्प होते. हे किडे आमच्याकडे उन्हाळाभर इतके करकरतात की आम्हाला ते ऐकूही येत नाहीत, पण थांबले तर लगेच कळतं. एवढी झाडं, एवढं ऊन, आणि एकाचाही आवाज नाही. त्यात एक वास होता. ताज्या कापलेल्या गव्हाचा, घामाचा, घोड्यांचा. त्या भागात आता गहू कुणी लावत नाही, सगळीकडे लॅव्हेंडर. मी इकडेतिकडे पाहिलं, कुठं घोडा दिसला नाही.

तेवढ्यात चर्चच्या बाजूनं आवाज आला. ठक्. लाकडावर लाकूड आपटावं तसा.

तीन तरुण गोळे टाकत होते. गोळ्यांचा खेळ आमच्याकडे जिथं चार झाडं तिथं चालतो, त्यात नवल नाही. पण ते कपडे! गळपट्टी नसलेले सदरे, जाकिटं, कंबरेला गुंडाळलेलं लाल फडकं. मला वाटलं, गावात जुन्या काळाची जत्रा असेल. हल्ली दर गावाला ती हौस आलीय. त्यांचे गोळेही तसलेच होते, लाकडाचे, वरून दाटीवाटीनं खिळे ठोकलेले. माझ्या आजोबांकडे तसला एक होता, आजी त्यावर सुईदोरा ठेवायची.

बातिस्त बघत उभा राहिला. एकेकाळी आमच्या वस्तीत त्याच्यासारखा उडवणारा नव्हता. समोरच्याचा गोळा पिल्लाजवळ, म्हणजे त्या छोट्या लाकडी गोटीजवळ, ठाण मांडून बसला की लोक बातिस्तला हाक मारायचे, आणि तो लांबून नेम धरून त्या गोळ्याला उडवून लावायचा. पडदा बिघडल्यापासून त्यानं गोळा हातात घेतला नव्हता.

तिघांतला एक टोपी काढून पुढे आला. विशीतला असेल, उन्हानं रापलेला, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. फार अदबीनं बोलला.

"काका, आम्हाला एक भिडू कमी पडतोय. ते दोघं आहेत आणि मी एकटा. डाव अर्ध्यावर आहे... तुम्ही उडवता ना?"

त्याला हे कसं कळलं, ते विचारायला हवं होतं. पण आमच्याकडे कुणी भिडू व्हायला बोलावलं तर नावगाव विचारत नाहीत, तसं विचारणं उर्मटपणा समजतात. बातिस्तनं कोट काढून माझ्या मांडीवर टाकला. मी म्हटलं, सातच्या आत मार्सेयला पोचायचंय, आणि तुला वाकायला मनाई आहे. "तू बाकावरून शेळ्या हाक," म्हणाला आणि गेला.

तुम्हाला वाटेल मला तेव्हाच भीती वाटली असेल. नाही. मला बरं वाटलं. त्याचा पहिला गोळा हवेतून गेला आणि समोरच्याच्या गोळ्याला लागून त्याच्याच जागी बसला, तेव्हा मी एकटा टाळ्या वाजवत होतो. बातिस्त वळून हसला. त्याच्या तोंडावर रंग आला होता. तो वाकत होता, उठत होता, चौक ओलांडून गोळे उचलून आणत होता, आणि एकदाही थांबून भिंतीकडे बघत नव्हता.

समोरचे दोघं, एक उंच आणि एक ठेंगू, कुणाचा गोळा पिल्लाच्या जवळ आहे ते मोजत बसले. गव्हाची काडी घेऊन मोजत होते. तेवढ्यात तो बटण तुटलेला माझ्याशेजारी येऊन टेकला. नाव क्लोव्हिस म्हणाला. त्याच्या बाजूनं गारवा येत होता, तळघराचं दार उघडावं तसा. मी काही विचारलं नव्हतं, तरी तो हळू आवाजात बोलू लागला.

"कापणी चालू होती हो. जेवणानंतर म्हटलं एक डाव टाकू, मग शेतावर जाऊ. आणि घंटा वाजायला लागली... थांबेचना. मग भिंतीवर कागद लावला. सगळ्यांना जावं लागलं. घोडेसुद्धा नेले."

मी त्याच्याकडे पाहिलं. ती घंटा मला माहीत होती. माझे आजोबा सांगायचे, एकोणीसशे चौदा सालच्या ऑगस्टात कापणीच्या दिवसांत गावोगाव ती वाजली आणि शेतातली माणसं विळे टाकून लढाईवर गेली. आजोबा परत आले. सांगताना नेहमी घंटेपाशी थांबायचे, पुढचं सांगायचे नाहीत.

"आम्ही चौघं होतो," क्लोव्हिस म्हणाला. "चौथा माझा भिडू. तो एकटाच परत आला... घरी. पण या चौकात पुन्हा फिरकला नाही. लांबून जायचा, खालच्या वाटेनं. त्याला वाटत असेल आम्ही रागावलोय. आम्ही कशाला रागावू? भिडू होता तो." मग त्यानं विचारलं, "गहू आला का हो घरी?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता. पण त्याचा चेहरा बघून मला त्याहून जास्त वाईट वाटलं, हे खरं सांगतो. पोरगा होता तो, माझ्या नातवाच्या वयाचा. मी म्हटलं, आला. सगळा आला, एक दाणा बाहेर राहिला नाही. त्यानं सुटल्यासारखी मान हलवली आणि उठून गेला.

मी बातिस्तकडे धावलो. त्याचा दंड धरून म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता. तो माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी त्याला चर्चची दानपेटी फोडायला सांगतोय.

"अर्धा डाव टाकून? त्यांचे बारा झालेत, आमचेही बारा. एक टाकला की तेरा, डाव संपला." मग जवळ येऊन कुजबुजला, "ओनोरे... छातीत बघ ना."

"काय झालं? दुखतंय?"

"नाही रे. दुखत नाही, धडधडत नाही... काहीच नाही. किती शांत झालंय आत."

मी त्याच्या सदऱ्यावर हात ठेवला. एवढ्या उन्हात, एवढा खेळलेला माणूस, आणि सदरा कोरडा होता. छाती गार होती. मी हात तसाच ठेवून वाट बघितली. आत काही चालू नव्हतं.

"इथं राहिलो तर ऑपरेशन कशाला लागतंय?" तो हसून म्हणाला, आणि मला कळलं की तो थट्टा करत नाहीये.

आयुष्यभर मी याच्याशी भांडलो, याला शिव्या दिल्या, याच्या लग्नात नाचलो, याच्या बायकोच्या शवपेटीला खांदा दिला. आणि आता तो माझ्यासमोर उभा होता, हसत होता, आणि जात होता. ओरडून, ओढून तो येणार नव्हता, हे मला कळत होतं. डाव अर्धा सोडून बातिस्त कधी उठला नव्हता, तो आज तरी कसा उठेल?

त्यानं शेवटचा गोळा टाकला. ठक्. उंचाचा गोळा उडाला आणि बातिस्तचा गोळा पिल्लाला टेकून उभा राहिला. तेरा झाले. क्लोव्हिसनं टोपी तोंडावर धरली, आणि कितीतरी वेळ ती काढलीच नाही. उंच आणि ठेंगू येऊन बातिस्तचे हात दाबू लागले. हरले होते, पण त्या दोघांच्या तोंडावर असं सुख होतं की माझेच डोळे भरून आले.

आणि मग कॅफेसमोर टेबल दिसलं. मघाशी तिथं टेबल नव्हतं. त्यावर पास्तिसची, आमच्याकडच्या बडीशेपी दारूची, बाटली, पाण्याचा मातीचा जग, चार पेले. हरलेल्यांनी पाजायचं, ही आमची रीत. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं. आणि ज्यानं पेला घेतला त्यानं पुढच्या वेळी पाजायचं, ही रीत त्याहून पक्की. कुणाचं पिऊन कुणी उलट पाजलं नाही, असं माझ्या माहितीत झालेलं नाही. पाजायला माणूस परत येतोच.

बातिस्त हात धुवायला कारंज्याकडे गेला. ठेंगूनं चारही पेल्यांत दारू ओतली, वर पाणी घातलं. पाणी पडलं की पास्तिस दुधासारखी पांढरी होते, आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. ती झाली नाही. चारही पेले तसेच राहिले, स्वच्छ, पिवळसर... मी बघत राहिलो, ठेंगूनं आणखी पाणी घातलं, तरी तसेच.

बातिस्त पाठमोरा वाकून हात धूत होता. मी त्याच्या वाटचा पेला उचलला.

"तुम्ही खेळला नव्हतात," क्लोव्हिस हळूच म्हणाला.

"हा माझ्या मित्राच्या वाटचा. तुमच्यात चालत नाही का?"

त्यानं बाकी दोघांकडे पाहिलं. उंचानं खांदे उडवले. क्लोव्हिस बराच वेळ माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, कीव होती म्हटलं तर चालेल.

"चालतं," तो म्हणाला. "पण मग पाजायचं तुम्ही."

"पाजीन," म्हटलं, आणि एका दमात पेला रिकामा केला. चव काहीच लागली नाही, वासही नाही. फक्त गार काहीतरी घशाखाली उतरलं, आणि उतरतच राहिलं.

सगळे सिकाडे एकदम ओरडायला लागले. मी कानांवर हात दाबले. समोर कॅफेचं दार होतं, त्यावर गंजलेलं कुलूप, आणि मोकळी फरशी; टेबल नव्हतं, ती तीन पोरंही नव्हती. कारंज्यापाशी बातिस्त कठड्याला धरून उभा होता. चेहरा राखेसारखा, हात छातीवर, आणि तोंडानं अशी धाप की चौकभर ऐकू यावी. मला शिव्या देत होता, मी त्याला उन्हात खेळू दिलं म्हणून. ती धाप ऐकून मला जेवढा आनंद झाला, तेवढा माझ्या लेकाचं पहिलं रडणं ऐकूनही झाला नव्हता.

वरची एक खिडकी करकरली. एका म्हातारीनं डोकं बाहेर काढून आधी आम्हाला मूर्ख म्हटलं, मग खाली येऊन बातिस्तला दारातल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, जर्दाळू दिले. तो डोळे मिटून बसल्यावर तिनं मला दाराआड घेतलं.

"आम्ही या वेळेला खिडक्या उन्हासाठी लावतो असं पाहुण्यांना सांगतो," ती म्हणाली. "आमचीच पोरं आहेत, वाईट नाहीत. पण कुणी दिसलं की बोलावतात. तो प्यायला का?"

"तो नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या हातात आणखी जर्दाळू कोंबले, नको म्हटलं तरी, आणि दार लावून घेतलं.

परतीला गाडी मी चालवली. बातिस्त सगळ्या रस्ताभर झोपला होता. इस्पितळाच्या दारात उतरला तेव्हा निमूट होता, माझा हात धरून आत आला, पळण्याचं नाव काढलं नाही. त्या चौकाबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही. त्याला किती आठवत होतं, देव जाणे. मी प्यायलो, हे तर त्यानं पाहिलंच नव्हतं, आणि मी ते त्याला सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

सोमवारी दिवसभर मी खालच्या व्हरांड्यात बसलो होतो. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, फार दमलेल्या होत्या. म्हणाल्या, नवा पडदा बसला, धोका टळला, पण मध्ये एकदा हृदय बंद पडलं होतं. बराच वेळ. आम्ही आशा सोडली होती, आणि आपणहून सुरू झालं, कसं ते विचारू नका. मी तिथंच, सगळ्यांसमोर रडलो.

दोन दिवसांनी मला त्याच्याजवळ बसू दिलं. नळ्यांच्या जंजाळात होता, पण गालांवर रंग होता. खराखुरा. मी त्याचा हात हातात घेतला, उबदार होता. त्यानं मला आधी दाढी न केल्याबद्दल टोचलं. मग छताकडे बघत बोलायला लागला, हळूहळू, दम घेत.

"मी गेलो होतो रे तिथं. ऑपरेशनच्या वेळी. तो चौक, तीच पोरं. मी म्हटलं, चला, टाकू एक डाव. तर क्लोव्हिस म्हणाला, काका, तुम्ही आमचं काही देणं लागत नाही, तुम्ही प्यायला नव्हतात. घरी जा... मला सरळ परत पाठवलं." तो हसला, मग हसल्यामुळे टाके दुखून विव्हळला. "आणि तुझी चौकशी करत होता."

"माझी?"

"हो ना. मला गंमतच वाटली. विचारत होता, ते तुमचे मित्र गोळा पिल्लाजवळ ठेवतात की समोरच्याचा उडवतात? मी म्हटलं, तो? त्याला दोन्ही येत नाही, जन्मात गोळा धरला नाही त्यानं."

खिडकीबाहेर भर दुपार होती. बातिस्तनं माझा हात थोपटला.

"तर तो म्हणाला, असू दे, काका. शिकवू आम्ही. वेळ आहे."